नावाखाली छापलेला पत्ता

अमेरिकेतल्या कॉमिक्सच्या दुकानांत बुधवार हा नव्या अंकांचा वार. सकाळी अंक घ्यायचा आणि रात्री त्यावर लिहायला बसायचं, असे वाचक तिथे हजारोंनी आहेत. कथा कुठे रेंगाळली, कोणतं पान जमून आलं, पेन्सिल कुणाची, शाई कुणाची, यातलं काही सुटत नाही. वीस-बावीस पानांच्या, पुढच्या महिन्यावर अडकून राहिलेल्या तुकड्याची इतकी बारकाईने चिकित्सा करायची सवय लागली कशी? मागे मागे जात राहिलं की एका साध्या गोष्टीपाशी पोचतो. वाचकाचं पत्र छापताना संपादकाने त्याच्या नावाखाली घरचा पत्ताही छापला.

ही प्रथा मुळात कॉमिक्सची नव्हे, विज्ञानकथांची. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६ साली ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक काढलं आणि वाचकांची पत्रं पत्त्यासकट छापायला सुरुवात केली. वाचक एकमेकांना थेट लिहू लागले आणि त्यातून मंडळं झाली, चाहत्यांनी स्वतःच लिहून-छापून काढलेले हौशी अंक निघाले. न्यूयॉर्कमधल्या ज्यूलियस श्वार्त्झ आणि मॉर्ट वाइझिंगर या पोरसवदा मित्रांनी १९३२ मध्ये ‘द टाइम ट्रॅव्हलर’ हा असाच अंक काढला. श्वार्त्झ पुढे सुपरमॅन-बॅटमॅन छापणाऱ्या डीसी कॉमिक्सचे संपादक झाले. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढचं बरंचसं त्यांच्याच टेबलावरून घडलं.

त्याआधी एकदा रोप उगवून करपलं होतं. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला ईसी कॉमिक्सच्या भय आणि विज्ञानकथांनी शाळकरी वाचकांना वेड लावलं. १९५३ पासून त्यांचे हौशी अंकही निघू लागले. पण १९५४ साली मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी पुस्तक लिहून कॉमिक्सवर मुलं बिघडवल्याचा आरोप केला, सेनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवरच एक कडक आचारसंहिता लादून घेतली. ईसीची भयमासिकं त्यात गेली. ज्यांच्याभोवती वाचक जमले होते ते अंकच उरले नाहीत.

मग आले जेरी बेल्स. डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठातले हे तरुण प्राध्यापक लहानपणी ‘ऑल-स्टार कॉमिक्स’ या सुपरहिरोंच्या अंकांनी झपाटलेले होते. त्या अंकांचे लेखक गार्डनर फॉक्स यांच्याकडून त्यांनी जुने अंक मिळवले. पुढे मिसुरीतल्या रॉय थॉमस नावाच्या विद्यार्थ्यानेही तेच अंक मागितले, तेव्हा फॉक्स यांनी त्याला बेल्स यांचा पत्ता कळवला. दोघांची पत्रापत्री जुंपली. १९६१ च्या फेब्रुवारीत बेल्स न्यूयॉर्कला श्वार्त्झ यांना भेटायला गेले. तिथे त्यांना ‘झीरो’ नावाचा, जुन्या कॉमिक्सवर प्रेमाने लिहिणारा एक हौशी अंक पाहायला मिळाला. घरी परतताच त्यांनी कामाला हात घातला आणि मार्चमध्ये ‘ऑल्टर ईगो’चा पहिला अंक निघाला.

तो निघाला स्पिरिट डुप्लिकेटरवर. आपल्याकडच्या सायक्लोस्टाईलची ही चुलत बहीण म्हणता येईल. मूळ कागदाच्या पाठीवर जांभळ्या मेणाची उलटी अक्षरं उमटवायची, ड्रमला तो कागद लावायचा आणि स्पिरिटने किंचित ओले केलेले कोरे कागद त्यावरून फिरवायचे. प्रत्येक प्रत थोडं मेण घेऊन जाते, म्हणून पहिल्या प्रती गडद निघतात आणि शेवटच्या फिकट जांभळ्या. काही शे प्रतींपुढे मजल जात नाही. पण तेवढ्या पुरेशा होत्या, कारण कुणाला पाठवायच्या ते कळायची सोय झाली होती. त्याच वर्षी श्वार्त्झ यांनी आपल्या अंकांमध्ये वाचकांचे पूर्ण पत्ते छापायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी मार्व्हलच्या ‘फँटॅस्टिक फोर’नेही तेच केलं. १९६३ मध्ये त्याच्या विसाव्या अंकात न्यू जर्सीतल्या एका शाळकरी मुलाचं पत्र आलं. पत्ता छापून येताच हौशी अंकवाल्यांनी त्याला गाठलं आणि त्याने त्यांच्यासाठी कथा लिहिल्या. तो मुलगा म्हणजे ‘गेम ऑफ थ्रोन्स’वाले जॉर्ज आर. आर. मार्टिन.

माझ्या मते आजच्या परीक्षणाचा जन्म या पत्रांतच आहे. छापून यायचं तर नुसतं ‘अंक आवडला’ लिहून भागत नव्हतं. काय आवडलं आणि कुठे घसरलं, ते दाखवून द्यावं लागे. चांगल्या पत्राला श्वार्त्झ मूळ चित्रं किंवा संहिता बक्षीस देत. शिवाय वाचकांची नजर तयार झाली होती. डिस्नेच्या डोनाल्ड डकसारख्या बदकांच्या कॉमिक्सवर फक्त वॉल्ट डिस्ने हेच नाव असे. तरी मुलांनी रेषेवरून एका चित्रकाराचं काम वेगळं ओळखलं होतं आणि ते त्याला ‘चांगला बदकवाला’ म्हणत. त्याचं नाव कार्ल बार्क्स, हे १९६० च्या सुमारास वाचकांनीच शोधून काढलं. नाव ठाऊक नसताना केवळ रेषा पाहून माणूस ओळखायचा, याहून खरं परीक्षण कोणतं?

१९६४ च्या मार्चमध्ये बेल्स यांच्या घरी ठिकठिकाणचे चाहते जमले आणि वर्षातल्या उत्तम कॉमिक्ससाठी आलेली मतं त्यांनी बसून मोजली. त्याच महिन्यात मुंबईत टाइम्स समूहाने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं आणि वेताळ आपल्याकडे आला. मीही वेताळ वाचतच मोठा झालो. पण तो कोण काढतो, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. साय बॅरी हे नाव मला कितीतरी वर्षांनी कळलं, याची रुखरुख अजून आहे.

अमेरिकेत चाहत्यांची संमेलनंही १९६४ मध्येच सुरू झाली. १९७० मध्ये सॅन डिएगोला पहिलं संमेलन झालं तेव्हा जेमतेम तीनशे माणसं होती.

नव्या अंकाच्या परीक्षणाला निकड आली ती मात्र व्यापारामुळे. तोवर कॉमिक्स वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर विकली जात. न खपलेल्या अंकाच्या मुखपृष्ठाची वरची पट्टी फाडून परत पाठवली की विक्रेत्याला पैसे मिळत. ब्रुकलिनचे शिक्षक आणि संमेलनांचे आयोजक फिल सूलिंग यांनी १९७२-७३ च्या सुमारास प्रकाशकांपुढे वेगळा हिशेब मांडला: सवलत जास्त द्या, आम्ही एकही अंक परत करणार नाही. यातून फक्त कॉमिक्स विकणारी दुकानं उभी राहिली, पण जोखीम दुकानदाराच्या गळ्यात आली. त्याला दोन-तीन महिने आधी, अंक न पाहताच मागणी नोंदवावी लागे. चुकला तर गठ्ठा पडून राही. गिऱ्हाईकही आपली यादी त्याच्याकडे आधीच देऊन ठेवी. मालिका चालू ठेवावी की सोडावी, हे सांगणाऱ्या माणसाच्या शब्दाला आता किंमत आली.

ते काम डॉन आणि मॅगी थॉम्पसन या दांपत्याने वर्षानुवर्षं केलं. डॉन शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखी अक्षरश्रेणी देत आणि ती चांगली मिळाली की प्रकाशक जाहिरातीत मिरवत. १९७६ पासून गॅरी ग्रॉथ यांच्या ‘द कॉमिक्स जर्नल’ने याच्या अगदी उलट वाट धरली. कॉमिक्सला साहित्याचीच फूटपट्टी लावायची, मग कुणी दुखावलं तरी चालेल. मला दोन्ही घराणी हवीशी वाटतात. एक वाचकाचे पैसे वाचवतं, दुसरं त्याची अपेक्षा वाढवतं. नव्वदीच्या सुरुवातीला, अंक पुढे महाग विकू म्हणून साठवणारे सट्टेबाज शिरले, ‘एक्स-मेन’च्या १९९१ मधल्या पहिल्या अंकाच्या ऐंशी लाखांवर प्रती दुकानांनी उचलल्या आणि काही काळ परीक्षणापेक्षा जुन्या-नव्या अंकांचं भावपत्रकच जास्त वाचलं गेलं.

बेल्स या साऱ्या धामधुमीपासून बाजूला होऊन एकच काम करत राहिले. ते जुन्या चित्रकारांना आणि लेखकांना पत्रं लिहीत आणि कुणी कोणत्या अंकात काय केलं ते विचारून घेत. हेम्स वेअर यांच्याबरोबर त्यांनी १९७३ ते १९७६ दरम्यान त्या नोंदींचे चार खंड काढले आणि २००६ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते त्यांत भर घालत राहिले. जुन्या कॉमिक्सवर ज्यांची नावं कधीच छापली गेली नव्हती, अशी कितीतरी माणसं त्या खंडांमुळे नावानिशी ओळखली जातात.