हरित पोलाद

लोहखनिजापासून किंवा भंगारापासून पोलाद बनवताना हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड पुष्कळ कमी केला, तर त्या पोलादाला हरित पोलाद म्हणतात. २०७० पर्यंत नक्त शून्य उत्सर्जन गाठू, म्हणजे हवेत सोडू तितके हरितगृह वायू काढूनही घेऊ, असे भारताने नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथे जाहीर केले. तिथवर पोचायचे तर खरी गाठ पोलादाशी आहे.

विजेचे त्यामानाने सोपे. कोळशाऐवजी ऊन-वारा वापरता येतो. खनिजापासून लोखंड काढणाऱ्या झोतभट्टीत (ब्लास्ट फर्नेस) मात्र कोळसा नुसते सरपण नसतो. वरून खनिज, कोक (हवेविना भाजलेला दगडी कोळसा) आणि चुनखडीचे थर ओततात, खालून तापलेल्या हवेचा झोत सोडतात. कोकपासून झालेला कार्बन मोनॉक्साइड खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. भट्टी कितीही चोख चालवली तरी तो निघणारच. भारतात टनभर कच्च्या पोलादामागे तो सुमारे २.५ टन निघतो. जगाची सरासरी दोन टनांच्या आत आहे. आपल्याकडे स्पंज आयर्नही, म्हणजे खनिज न वितळवता त्यातला ऑक्सिजन काढून मिळवलेले लोखंड, बहुतांशी कोळशावरच बनते. रायगड जिल्ह्यातल्या डोलवीसारखे नैसर्गिक वायूवर ते बनवणारे कारखाने थोडे.

जालन्याची वाट वेगळी आहे. तिथल्या इंडक्शन भट्ट्यांत जुने पत्रे, यंत्रांचे तुकडे, कापलेले गर्डर पडतात आणि रोलिंग मिलमधून लालभडक सळई सरसरत बाहेर येते. कोक लागत नाही. लागते ती वीज. पण भंगार पुरत नाही, म्हणून त्यात स्पंज आयर्न मिसळावे लागते आणि कोळसा मागल्या दाराने परत येतो. भारतात दरडोई पोलादाचा वापर वर्षाला १०० किलोच्या आसपास आहे, जागतिक सरासरीच्या निम्म्याहूनही कमी. ज्या देशाचे बांधूनच झालेले नाही, त्याच्याकडे मोडीत काढायला कुठून असणार? श्रीमंत देशांचा भंगार वितळवण्याचा मार्ग इथे जसाच्या तसा लागू पडत नाही, तो यामुळे.

उरतो हायड्रोजन. तो खनिजातला ऑक्सिजन घेतो आणि पाण्याची वाफ होतो. मात्र टनभर पोलादाला तो ५०-६० किलो लागतो आणि पाण्यापासून एक किलो काढायला ५० युनिटांहून अधिक वीज जाते. ती वीज कोळशाची असेल तर सगळा खटाटोप फुकट. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने १९,७४४ कोटी रुपयांचे राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले, त्यात पोलादासाठीचे प्रायोगिक प्रकल्पही आहेत.

डिसेंबर २०२४ मध्ये पोलाद मंत्रालयाने हरित पोलादाची व्याख्या ठरवली : टनामागे २.२ टनांहून कमी उत्सर्जन असेल तर तीन तारे, १.६ टनांहून कमी असेल तर पाच. ही पट्टी सैल आहे. पण मोजायला सुरुवात झाली हे मोलाचे. दर तीन वर्षांनी ती तपासली जाणार आहे. दुसरीकडे, २०१७ च्या राष्ट्रीय पोलाद धोरणाने २०३०-३१ पर्यंत ३० कोटी टन क्षमतेचे उद्दिष्ट ठेवले आहे. झोतभट्टी एकदा पेटवली की अस्तर बदलत कैक दशके चालवतात, आणि या वाढीव क्षमतेत अशा भट्ट्या किती असतील, ते आत्ताच ठरते आहे.