गाठ आधी ओळखावी लागते

‘गाठीला सुई लावू देऊ नका, चवताळेल!’ हा सल्ला आपल्याकडे शेजारीपाजारी देतात, नातेवाईक देतात, चांगली शिकलेली माणसंही देतात. नाकातल्या गाठीच्या बाबतीत तो जिवावर बेतू शकतो. तिथे बाहेरून सारख्या दिसणाऱ्या अनेक गाठी होतात, प्रत्येकीचा उपचार वेगळा असतो, आणि तुकडा काढून तपासल्याशिवाय ती कोणती ते कळत नाही.

त्यातली कर्करोगाची एक फार दुर्मीळ गाठ म्हणजे ऑल्फॅक्टरी न्यूरोब्लास्टोमा. बर्जे आणि ल्यूक यांनी 1924 मध्ये फ्रान्समध्ये तिचं पहिलं वर्णन केलं. वर्षाला दहा लाख माणसांत एकालाही ती होत नाही. तक्रारी मात्र साध्याच असतात: एका बाजूचं नाक चोंदणं, त्याच बाजूने घोळणा फुटणं, वास कमी येणं. घोळणा फुटला की आपण ‘उष्णता झाली’ म्हणतो आणि कांदा हुंगायला देतो. बहुतेकदा ते रक्त नाकाच्या पडद्यावर पुढच्या भागात असलेल्या बारीक रक्तवाहिन्यांतून येतं आणि थोड्या वेळात थांबतं. पण मोठ्या माणसाची एकच नाकपुडी आठवडेच्या आठवडे बंद राहिली, तिच्यातूनच रक्त येत राहिलं, तर ‘मांस वाढलंय’ म्हणून थेंब घालत बसू नये. कान-नाक-घसा तज्ज्ञाने दुर्बिणीतून आत पाहायला हवं.

ही गाठ नाकाच्या छतापाशी उगवते. तिथे मेंदू आणि नाक यांच्यामध्ये चाळणीसारखं भोकं असलेलं पातळ हाड आहे. वास ओळखणाऱ्या चेतापेशी नाकाच्या अस्तरात बसलेल्या असतात आणि त्यांचे तंतू या भोकांतून वर मेंदूकडे जातात. या पेशींचा थेट बाहेरच्या हवेशी संबंध येतो, त्या मरतात, आणि अस्तराच्या तळाशी असलेल्या मूळ पेशी आयुष्यभर नव्या चेतापेशी घडवत राहतात. शरीरातल्या बाकीच्या चेतापेशींना हे भाग्य सहसा मिळत नाही. पण जिथे विभाजन सतत चालू, तिथे ते बिघडण्याचा धोकाही असतो. ही गाठ याच अस्तरातून येते.

आता सुईकडे, म्हणजे तपासणीसाठी तुकडा काढण्याकडे, वळू. दुर्बिणीतून घेतलेला गाठीचा तुकडा नेहमीच्या रंगांत रंगवला की सूक्ष्मदर्शकाखाली लहान, गोल, निळ्या पेशी दिसतात. हिमॅटॉक्सिलिन हा निळा रंग केंद्रकाला धरतो, आणि या पेशी म्हणजे जवळजवळ नुसतं केंद्रकच. अडचण अशी की लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग), स्नायूपेशींचा सार्कोमा हा कर्करोग, कधीकधी मेलॅनोमा (रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग), हे सगळेच असे दिसू शकतात. डोळ्यांनी फरक करणं अनुभवी पॅथॉलॉजिस्टलाही कठीण जातं.

इथे प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) कामाला येतात, आणि मला तर ही युक्ती आधुनिक वैद्यकातली सर्वांत देखणी वाटते. प्रतिपिंड एका ठरावीक प्रथिनालाच चिकटतं. अतिशय पातळ कापावर ते सोडायचं, जादाचं धुऊन टाकायचं. मग त्या प्रतिपिंडाला चिकटणारं दुसरं प्रतिपिंड सोडायचं, ज्याला पेरॉक्सिडेज हे विकर (एन्झाइम) जोडलेलं असतं. शेवटी डीएबी हे रसायन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं की विकर जिथे असेल तिथेच तपकिरी रंग साचतो. म्हणजे प्रथिन कुठे आहे ते डोळ्यांना दिसतं.

सिनॅप्टोफायसिन हे प्रथिन चेतापेशी आपली संदेशद्रव्यं ज्या पिशव्यांत साठवतात त्यांच्या आवरणावर असतं. ते तपकिरी झालं, तर पेशींचा स्वभाव चेतापेशींचा. सीडी45 उमटलं तर लिम्फोमाकडे बोट जातं, डेस्मिन उमटलं तर स्नायूकडे. एस-100 या प्रथिनाची गंमत मात्र वेगळीच आहे. मेलॅनोमात ते सहसा गाठभर पसरलेलं दिसतं. आपल्या या गाठीत ते पेशींच्या घोळक्यांच्या फक्त कडेकडेने, बारीक रेषेसारखं दिसतं. मूळ अस्तरात चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी असतात, तशाच पेशी गाठीतही घोळक्यांभोवती उभ्या राहतात. बिघडलेल्या पेशीही आपल्या जन्मस्थानाची रचना पुन्हा मांडतात! तरी एका प्रथिनावर निदान ठरत नाही. बारीक पेशींचा न्यूरोएंडोक्राइन कर्करोगही सिनॅप्टोफायसिन दाखवतो, म्हणून केराटिन या अस्तरपेशींच्या प्रथिनासह बऱ्याच तपासण्यांचा संच एकत्र वाचावा लागतो.

सुईने गाठ चवताळते ही समजूत चुकीचीच. पण तुकडा घेण्याआधी स्कॅन हवा. किशोरवयीन मुलग्यांत होणारी अँजिओफायब्रोमा ही गाठ रक्तवाहिन्यांनी भरलेली असते. तिला चिमटा लावला तर रक्तस्राव आवरत नाही. कधी नाकात दिसणारा गोळा म्हणजे हाडातल्या छिद्रातून उतरलेला मेंदूचाच भाग निघतो. सीटीत हाड किती झिजलंय ते कळतं, एमआरआयमध्ये गाठ मेंदूच्या आवरणापर्यंत गेलीय का ते.

नाव ठरलं की वाट ठरते. लिम्फोमाला मोठी शस्त्रक्रिया लागत नाही, केमोथेरपी आणि किरणोपचार मुख्य. ऑल्फॅक्टरी न्यूरोब्लास्टोमात बहुधा आधी शस्त्रक्रिया आणि मग किरणोपचार. पूर्वी यासाठी कवटी उघडावी लागे; आता अनेक रुग्णांत नाकातूनच दुर्बिणीने गाठ, ते छिद्रांचं हाड आणि गरज पडल्यास मेंदूचं आवरणही काढतात. उरलेलं भगदाड बुजवलं नाही तर मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळतं आणि मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणांचा दाह) होऊ शकतो. त्यावर अर्जेंटिनातल्या हदाद आणि बासागास्तेगी यांची 2006 साली प्रसिद्ध झालेली पद्धत वापरतात: नाकाच्या पडद्याचं अस्तर त्याच्या रक्तवाहिनीसकट उचलून तिथे बसवायचं. त्या बाजूचा वास बहुधा जातो, हे रुग्णाला आधीच सांगायला हवं.

ही गाठ दहा वर्षांनीही परत येऊ शकते, कधी थेट मानेच्या लसिका ग्रंथींत. त्यामुळे पाच वर्षं उलटली तरी दुर्बीण, एमआरआय आणि मानेची तपासणी चालूच ठेवतात.