एक्स्टेंडर आणि ॲक्सेस पॉइंट: दिसायला सारखे, लावायची जागा वेगळी

सोलापूरच्या पूर्व भागातली बरीच जुनी घरं तोंडाला अरुंद आणि आत लांबच लांब असतात. पुढं बैठकीची खोली, मग स्वयंपाकघर आणि मागं पॉवरलूमचा कारखाना. फायबर जोडायला आलेला पोरगा दाराजवळच्या भिंतीवर राउटर ठोकून निघून जातो आणि मागं कारखान्यात टॉवेलच्या नमुन्याचा फोटो व्हॉट्सॲपवर नुसता फिरत राहतो. जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये हीच तक्रार शेवटच्या बेडरूममधून येते. मग आपण दुकानात जाऊन ‘रेंज वाढवायचा डबा’ मागतो आणि दुकानदार एक्स्टेंडर हातात ठेवतो. तो जिथं रेंज नाही नेमका तिथंच लावला जातो, आणि चार दिवसांनी ‘डबा खराब निघाला’ म्हणून परत जातो.

डबा बहुतेक वेळा चांगलाच असतो. त्याला ॲक्सेस पॉइंटच्या जागी बसवलेलं असतं.

डब्यापर्यंत नेट कसं पोचतं, यावर सगळं ठरतं. एक्स्टेंडरला (कुणी त्याला रिपीटर म्हणतं, कुणी बूस्टर) राउटरच्या वायफायमधून, म्हणजे हवेतून नेट मिळतं. ॲक्सेस पॉइंटला ते वायरीतून मिळतं. पुढं मोबाईलला देताना दोघंही वायफायच देतात, म्हणून वापरणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात.

चालू मागांच्या खडखडाटात मालकाचा निरोप शेवटच्या मागापर्यंत पोचवायला मध्ये एक माणूस उभा करावा, तसं एक्स्टेंडरचं काम आहे. त्या माणसाला मालकाचं बोलणं ऐकू आलं पाहिजे. त्यालाच शेवटच्या मागाजवळ नेऊन उभं केलं तर तो काय ऐकणार आणि काय सांगणार? शिवाय एका वेळी तो एक तर ऐकेल, नाहीतर बोलेल.

शेवटची गोष्ट वेगाच्या मुळाशी आहे. स्वस्त एक्स्टेंडरमध्ये एकच रेडिओ असतो आणि तो राउटरच्याच चॅनलवर, म्हणजे हवेतल्या त्याच वाटेवर चालतो. एकच माहिती त्याच चॅनलवर दोनदा पाठवावी लागते, एकदा राउटरकडून एक्स्टेंडरला आणि पुन्हा एक्स्टेंडरकडून मोबाईलला. त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. खोक्यावरचा ३०० एमबीपीएसचा आकडा कागदावरचा कमाल आकडा आहे, त्यावर जाऊ नका. ड्युअल बँड, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालणारा डबा ५ वर घेऊन २.४ वर देऊ शकतो, तेव्हा ही घट कमी होते. पण जे आत आलं त्यापेक्षा जास्त बाहेर पडणार नाही, हे दोन्हींना लागू.

म्हणून एक्स्टेंडर विकत घेण्याआधीच जागा तपासा. जिथं लावायचा विचार आहे त्या सॉकेटपाशी मोबाईल घेऊन उभे राहा, मोबाईल डेटा बंद करा आणि वायफायवर स्पीड टेस्ट लावा. तिथं ४० एमबीपीएस मिळत असेल तर पुढच्या खोलीत त्याच्या निम्म्याची आशा धरा. तिथंच ३ मिळत असेल तर पैसे वाचले म्हणा. सिग्नलचा आकडा दाखवणारं ॲप असेल तर उणे ६७ (डीबीएम) किंवा त्याहून बरा, म्हणजे शून्याच्या जवळचा आकडा हवा, जसा उणे ६० किंवा ५५. उणे ८० च्या आसपास डबा लावून उपयोग नाही. राउटर आणि अंधाऱ्या, म्हणजे रेंज न पोचणाऱ्या खोलीच्या मधोमध, किंबहुना थोडा राउटरकडेच, ही जागा बहुतेकदा बरोबर येते.

भिंतींचा हिशेब मात्र डोक्यात ठेवावा लागतो. पेठांमधल्या जुन्या वाड्यांच्या दगडी भिंती हात-दीड हात जाड असतात. त्यातून २.४ गिगाहर्ट्झ कसंबसं जातं, ५ गिगाहर्ट्झ जवळजवळ नाहीच. स्लॅबमधलं लोखंड आणि कारखान्यावरचा पत्रा सिग्नल अडवतात. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून घराघरात मोठ्या टाक्या असतात, आणि पाणी वायफाय चांगलंच शोषतं. राउटर आणि गच्चीवरची खोली यांच्यामध्ये हजार लिटरची भरलेली टाकी आली तर एक्स्टेंडर वीतभर सरकवून पाहा, कधी कधी तेवढ्यानं भागतं.

एक्स्टेंडर जोडणं सोपं आहे. पहिली जोडणी राउटरच्या शेजारीच करा. राउटरवरचं डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता जोडायचं) बटण दाबा आणि दोन मिनिटांच्या आत एक्स्टेंडरवरचं दाबा. दिवा स्थिर झाला की झालं. राउटर फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या सुरक्षा पद्धतीवर ठेवला असेल तर ही पद्धत चालत नाही. मग मोबाईल एक्स्टेंडरच्या स्वतःच्या वायफायला जोडून, ॲपमधून किंवा ब्राउझरमधून घरचं नेटवर्क निवडून पासवर्ड टाकावा लागतो. नंतर डबा काढून मधल्या जागी लावा, सेटिंग त्याच्या लक्षात राहतं. पुढं कधी राउटरचा पासवर्ड बदललात तर एक्स्टेंडरलाही नवा सांगावा लागतो. हे विसरल्यामुळं ‘कालपर्यंत चालत होतं की ओ’ अशी तक्रार फार ऐकू येते.

आता ॲक्सेस पॉइंट. यात कष्ट सगळे वायर ओढण्यात आहेत. राउटरच्या लॅन पोर्टातून (घरातली उपकरणं जोडायच्या खाचेतून) कॅट ६ किंवा कॅट ५ई जातीची नेटवर्क केबल थेट अंधाऱ्या खोलीपर्यंत न्यायची आणि डबा तिथंच लावायचा. एक्स्टेंडरसाठी जी जागा चुकीची, तीच इथं बरोबर. केबल १०० मीटरपर्यंत चालते, म्हणजे पुढच्या दारापासून मागच्या कारखान्यापर्यंत आरामात. घेताना शुद्ध तांब्याची आहे ना हे विचारा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल लांब अंतरावर दगा देते. मागांच्या मोटारींच्या वायरिंगसोबत एकाच पाइपातून ती नेऊ नका. उघड्यावरून न्यायची असेल तर बाहेरच्या वापराची काळ्या आवरणाची घ्या, आतल्या वापराची केबल आपल्या उन्हात तडकते.

ॲक्सेस पॉइंटला निरोप दोनदा सांगावा लागत नाही, त्यामुळे वेग निम्मा होत नाही. त्याला वेगळं चॅनलही देता येतं: २.४ गिगाहर्ट्झवर राउटर १ वर असेल तर हा ६ किंवा ११ वर, म्हणजे दोघं एकमेकांच्या बोलण्यात पडत नाहीत. एक पाहून घ्या, स्वस्त डब्यांचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो. प्लॅन २०० चा असेल तर वायर ओढूनही १०० च्या आतच मिळेल.

खरा गोंधळ पुढंच आहे. बाजारात मिळणारे बरेच एक्स्टेंडर ॲक्सेस पॉइंट म्हणूनही चालतात. बाजूला छोटी कळ असते किंवा ॲपमध्ये ‘मोड’ असतो. त्यांच्यावरचा लॅन पोर्ट एक्स्टेंडर मोडमध्ये नेट बाहेर देतो, टीव्हीला किंवा कॉम्प्युटरला. ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये तोच पोर्ट नेट आत घेतो. मोड न बदलता राउटरची केबल त्यात खुपसली तर नेट हवेतूनही येतं आणि वायरीतूनही, आणि तीच माहिती गोल फिरून सगळं घरच ठप्प होऊ शकतं. आधी मोड, मग केबल.

कपाटात जुना राउटर पडून असेल तर नवं काही घेऊच नका, त्याचा ॲक्सेस पॉइंट होतो. त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन डीएचसीपी बंद करा, म्हणजे घरातल्या उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम एकट्या मुख्य राउटरकडे राहील. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ वर असेल तर जुन्याला १९२.१६८.१.२ द्या. मुख्य राउटर पत्ते वाटताना हा आकडा दुसऱ्या कुणाला देणार नाही एवढं पाहा. केबल वॅन पोर्टात (बाहेरचं नेट आत घ्यायच्या खाचेत) न लावता लॅन पोर्टात लावा. वॅनमध्ये लावलीत तरी नेट चालेल, म्हणून चूक लक्षात येत नाही. पण घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात आणि पुढच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरला मागच्या खोलीतला प्रिंटर किंवा कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ठेवणारा डीव्हीआर सापडत नाही.

नाव आणि पासवर्ड राउटरचाच ठेवावा की वेगळा? मी सारखाच ठेवतो. पण कोणत्या डब्याला चिकटायचं हे मोबाईल ठरवतो, आणि काही मोबाईल पुढच्या खोलीतला राउटर मागच्या दारापर्यंत सोडत नाहीत. त्याचा त्रास होत असेल तर वेगळं नाव द्या आणि हातानं बदला. मेश नावाचे, एकमेकांशी जुळवलेल्या डब्यांचे संच हे अदलाबदलीचं काम जास्त सफाईनं करतात. तेही बिनवायरीचे असतील तर एक्स्टेंडरच्याच जातीचे, वायरीनं जोडले तर ॲक्सेस पॉइंटच्या.

भाड्याच्या घरात भिंत फोडता येत नाही, किंवा बेडरूममध्ये फक्त मोबाईल बघायचा आहे, तर एक्स्टेंडर पुरे. मुलांचे ऑनलाइन क्लास, कॅमेरे, कारखान्यातलं बिलिंग यासाठी मी सरळ वायर ओढायला सांगेन, एक दिवस धूळ झाली तरी चालेल.

आणि विजेचं बघून ठेवा. राउटर इन्व्हर्टरवर असतो, पण एक्स्टेंडर भिंतीतल्या ज्या सॉकेटला लावला ते इन्व्हर्टरवर आहे का हे कुणी तपासत नाही. वीज गेली की पुढं नेट चालू आणि मागं बंद. पत्र्याखाली कुठलाही डबा लावताना त्यावर लिहिलेलं तापमान वाचा. घरगुती डबे साधारण ४० अंश सेल्सिअसपर्यंतचे असतात, आणि एप्रिल-मे मध्ये सोलापुरात सावलीतच तेवढं होतं. पत्र्यापासून हातभर खाली, भिंतीवर लावला तर बरा टिकतो.