वाघाटी आणि तिळवण: एका कुलाची दोन कुलं कशी झाली

चार पाकळ्या, लांब बाहेर आलेले पुंकेसर आणि फुलाच्या मधोमध देठावर उचलून धरलेला बीजांडकोश. वाघाटीत हे दिसतं, पांढऱ्या तिळवणीतही दिसतं. शिवाय दोघींच्या अंगात मोहरीचा उग्रपणा देणारी गंधकयुक्त द्रव्यं असतात. त्यामुळे वनस्पतिशास्त्रज्ञांनी दोघींना दीर्घकाळ कॅपॅरेसी या एकाच कुलात, म्हणजे जवळच्या नात्यातल्या वनस्पतींच्या गटात, ठेवलं, यात नवल नाही. आज मात्र वाघाटी कॅपॅरेसीत आहे आणि तिळवण क्लिओमेसीत.

ओळखायची कशी? बहुतेक जण आधी पान बघतात आणि तिथेच फसतात. तिळवणीचं पान हाताच्या पंजासारखं, तीन ते पाच पर्णिकांचं. वाघाटीचं साधं, अखंड. पण वाघाटीच्याच कुलातल्या वायवर्णाला त्रिदली पान असतं, बेलासारखं. काटेही तसेच. वाघाटीला पानाच्या बुडाशी आकड्यासारखे वळलेले दोन काटे असतात, वायवर्णाला एकही नसतो. कॅपॅरेसीत बहुतेक झाडं, झुडपं आणि वेली, तर क्लिओमेसीत बहुतेक रोपटी. एवढा फरक लक्षात ठेवावा, पण निकाल त्यावर देऊ नये.

माझा भरवसा फळावर आहे. वाघाटीचं फळ गोल, गरदार. पिकलं तरी शेंगेसारखं दोन फाकांत उकलत नाही, बिया गरात रुतलेल्या असतात. तिळवणीची वाळलेली शेंग हातात घेऊन पाहा. दोन्ही बाजूंच्या फाका गळून पडतात आणि मागे उरते एक बारीक चौकट, तिच्या कडांना बिया चिकटलेल्या. हीच चौकट मोहरीच्या शेंगेतही असते. तिथे चौकटीत कागदासारखा पातळ पडदा ताणलेला असतो. तिळवणीत पडदा नसतो, चौकट रिकामी.

ही शेंग जे सुचवत होती, तेच पुढे डीएनएने सांगितलं: तिळवणीचं सर्वांत जवळचं नातं वाघाटीशी नाही, मोहरीशी आहे. मग तिळवण वाघाटीबरोबर ठेवून मोहरी तेवढी वेगळी काढणं चुकीचं ठरलं. 1998 च्या एपीजी वर्गीकरणाने, म्हणजे सपुष्प वनस्पतींच्या डीएनएतल्या नात्यांवर बेतलेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने, तिन्ही गट मोहरीच्या ब्रॅसिकेसीत एकत्र घातले. ती मोट फार मोठी झाली होती, असं मला वाटतं. 2009 च्या तिसऱ्या आवृत्तीत कॅपॅरेसी, क्लिओमेसी आणि ब्रॅसिकेसी ही तीन स्वतंत्र कुलं मान्य झाली. तिन्हींचा गण, म्हणजे कुलांच्या वरचा मोठा गट, एकच: ब्रॅसिकेल्स.

या नात्याचा उपयोगही झाला. पांढरी तिळवण सी-4 पद्धतीने, म्हणजे कार्बन डायऑक्साइड आधी चार कार्बनच्या संयुगात पकडून, प्रकाशसंश्लेषण करते. मोहरीच्या कुलात सी-4 वनस्पती आढळलेली नाही. जनुकशास्त्राच्या प्रयोगांतलं लाडकं छोटं रोप, अरॅबिडॉप्सिस, मोहरीच्याच कुलातलं. म्हणून सी-4 यंत्रणा कशी घडली हे तपासताना संशोधक तिळवण आणि अरॅबिडॉप्सिस या दोघींची जनुकं शेजारी ठेवून बघतात.

जुन्या पुस्तकात तिळवण कॅपॅरिडेसीत दिसली तर गोंधळू नका. ते कॅपॅरेसीचंच जुनं नाव आहे.