भाकरी पोळीपेक्षा महाग कशी झाली?

दादर पश्चिमेच्या एका पोळी-भाजी केंद्रात संध्याकाळी सातला रांग लागते. पाटीवर खडूने भाव लिहिलेले: वर पोळी, खाली ज्वारीची भाकरी. भाकरीचा आकडा पोळीच्या जवळजवळ दुप्पट. परवा माझ्या पुढच्या आजी तो वाचून मोठ्यानेच म्हणाल्या, "अगंबाई! आमच्या सोलापुरात पोळी सणाला व्हायची."

आता भाकरी थापणारे हात मिळत नाहीत आणि पोळ्या मशीनवर निघतात, हे खरंच. पण वाण्याकडे मुळात ज्वारीच गव्हापेक्षा महाग आहे. ती तशी का झाली, यात सरकारी मदतीचा वाटा मोठा आहे.

हमीभाव दोन्ही धान्यांना आहे. २०२५-२६ साठी गव्हाचा क्विंटलला २४२५ रुपये, ज्वारीचा ३६९९. कागदावर पाहिलं तर शेतकऱ्याने डोळे झाकून ज्वारी पेरावी. पण भाव जाहीर होणं वेगळं आणि त्या भावाने माल उचलणारा दारात उभा असणं वेगळं. १९६५ साली अन्न महामंडळ सुरू झालं ते मुख्यतः गहू-तांदूळ उचलण्यासाठी. २०२५च्या हंगामात सरकारने सुमारे ३०० लाख टन गहू खरेदी केला. ज्वारीची खरेदी त्यापुढे चिमूटभर. त्यात कालव्याचं पाणी, स्वस्त वीज, स्वस्त युरिया यांचा फायदा त्यालाच जास्त, ज्याचं पीक ते पिऊन दामदुप्पट उतारा देतं. कोरडवाहू ज्वारीच्या वाट्याला यातलं थोडंच आलं. गव्हाचं हेक्टरी उत्पादन तीस क्विंटलच्या पुढे गेलं, ज्वारी दहाच्या आसपास रेंगाळली. १९७०च्या सुमारास देशात ज्वारीखाली १ कोटी ८० लाख हेक्टरांच्या आसपास जमीन होती, आज जेमतेम ४० लाख.

दुसरं टोक रेशनच्या दुकानात. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्यात गहू २ रुपये किलो आणि भरड धान्य १ रुपया, म्हणजे कायद्याने ज्वारी अजून स्वस्तच! पण दुकानात आली गव्हाची आणि तांदळाची पोती. जानेवारी २०२३ पासून तर माणशी ५ किलो धान्य फुकट मिळतं. धारावीतल्या किंवा मानखुर्दच्या घरात गहू फुकट येत असेल, तर ज्वारीला पदरचे पैसे कोण घालणार? पोटाला आधार मिळाला, ही मोठीच गोष्ट. पण सवयही बदलली. चाळीत वाढलेल्या पोरांना भाकरी 'हॉटेलात खायची' वाटू लागली.

एवढं झाल्यावर ज्वारीचा भाव पडायला हवा होता. पण मागणी जितकी आटली त्याहून जास्त पेरा आटला, आणि उरलेला बाजार फार छोटा झाला. छोट्या बाजाराला धक्का सोसत नाही. गव्हाचं पीक बिघडलं तर सरकार गोदामातला गहू बाजारात ओततं. ज्वारीला असं गोदामच नाही. सोलापूरकडच्या मंगळवेढ्यात, म्हणजे ज्वारीच्या पट्ट्यात, एक रब्बी हंगाम कोरडा गेला, की वाशीच्या दाणा बाजारात भाव उसळतात. त्यात मधुमेहवाल्यांना डॉक्टर भाकरी खायला सांगतात, म्हणजे आता गिऱ्हाईक खिसा बाळगून असलेलं.

तरीही मालदांडी ही रब्बी ज्वारी पेरली जाते, त्याचं मोठं कारण कडबा, म्हणजे ज्वारीची वाळलेली ताटं. दुष्काळात जनावरांना तोच तारतो, आणि काही वेळा धान्यापेक्षा त्याचाच पैसा बरा सुटतो. दादरच्या त्या पाटीवर भाकरी अजून टिकून आहे, ती निम्मी तरी म्हशींच्या कृपेने.