नोटीस आली, विमा कंपनीला कधी कळवायचे?

रुग्णालये, नर्सिंग होम आणि प्रसूतिगृहांच्या चालकांसाठी माहितीपत्रक

रुग्णालयाची प्रोफेशनल इन्डेम्निटी पॉलिसी (उपचारातल्या हयगयीबद्दल रुग्णाने केलेल्या दाव्यांसाठीचा विमा) कपाटात आहे, प्रीमियम वेळेवर भरलेला आहे, उपचारात हयगयही झालेली नाही. तरीसुद्धा ऐन वेळी कंपनी क्लेम नाकारू शकते आणि पत्रात कारण लिहिलेले असते: कळवण्यास विलंब. आमच्याकडे, म्हणजे विमा सल्लागारांकडे, येणारे बहुतेक डॉक्टर हा प्रश्न घेऊन येतात तेव्हा रुग्णाकडून आलेली नोटीस टेबलावर पडून बरेच दिवस झालेले असतात. म्हणून हे पत्रक, शक्यतो नोटीस येण्याआधी वाचण्यासाठी.

ही पॉलिसी आगीच्या पॉलिसीसारखी नाही

दुकानाला आग लागली तर त्या दिवशी चालू असलेली पॉलिसी कामाला येते. डॉक्टर आणि रुग्णालयांच्या पॉलिसी मात्र आपल्याकडे बहुतांशी ‘क्लेम्स मेड’ पद्धतीच्या असतात. उपचार कोणत्या वर्षी झाले यापेक्षा तुमच्यावर पहिल्यांदा दावा कधी आला, हे इथे बघतात. उपचार पॉलिसीवर छापलेल्या रेट्रोअ‍ॅक्टिव्ह तारखेनंतरचे हवेत आणि दावा पॉलिसी चालू असताना आलेला हवा.

याच पॉलिसीत आणखी एक अट असते आणि आमच्या मते सगळ्यात उपयोगाची तीच. पुढे दावा होऊ शकेल अशी एखादी ठरावीक घटना तुम्ही पॉलिसी चालू असताना लेखी कळवलीत आणि कंपनीने ती नोंदवून घेतली, तर दावा दोन वर्षांनी आला तरी तो त्याच जुन्या पॉलिसीतला धरला जातो. नोटिशीची वाट बघत बसायची गरज नसते.

समजा, तुमची पॉलिसी १ एप्रिल ते ३१ मार्च अशी आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये एका प्रसूतीत गुंतागुंत झाली, बाळाला कोल्हापूरला हलवावे लागले, घाट चढेपर्यंत उशीर झाला. गणपतीला मुंबईचे नातेवाईक गावी आले, घरात चर्चा झाली, आणि काकांनी येऊन केसपेपरची प्रत मागितली. नोटीस आली ती नोव्हेंबर २०२४ मध्ये, डोंबिवलीच्या वकिलांकडून. केसपेपर मागितले त्या आठवड्यात कंपनीला पत्र गेले असते, तर २०२३-२४ ची पॉलिसी पक्की झाली असती. ते गेले नाही. बरे, नोटीस २०२४-२५ च्या पॉलिसीत आली म्हणून तिथे क्लेम करावा, तर कंपनी मार्चमधला रिन्यूअलचा फॉर्म काढते. त्यात विचारलेले असते, ‘दावा होऊ शकेल अशी घटना माहीत आहे का?’ आणि समोर ‘नाही’ लिहिलेले असते, बहुधा मागच्या वर्षीचा फॉर्म बघून. तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले.

उशीर दोन प्रकारचा असतो

क्लेम नाकारल्याचे पत्र आले की पहिल्यांदा हे तपासा.

पहिला उशीर पॉलिसीच्या मुदतीच्या आतला. नोटीस मे महिन्यात आली, कळवले जुलैमध्ये, पॉलिसी मार्चपर्यंत आहे. पॉलिसीत ‘शक्य तितक्या लवकर कळवा’ असे लिहिलेले असते, दिवस मोजलेले नसतात. इथे तुमची बाजू बरीच भक्कम असते. विमा नियामक प्राधिकरणाने (आयआरडीएआय) २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात कंपन्यांना बजावले आहे की खरा क्लेम केवळ उशिरा कळवला म्हणून यांत्रिकपणे नाकारू नये. वेळेत कळवला असता तरीही तो नाकारला गेला असता, अशी स्थिती असेल तरच विलंबाचे कारण चालते. वाहनचोरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २०२० मध्ये (गुरशिंदर सिंग विरुद्ध श्रीराम जनरल इन्शुरन्स) असाच दृष्टिकोन घेतला: पोलिसांत फिर्याद ताबडतोब दिली होती, तर कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्यावर क्लेम बुडत नाही. तो निकाल गाडीचा आहे, डॉक्टरांचा नाही, तरी युक्तिवादात उपयोगी पडतो.

दुसरा उशीर पॉलिसीची मुदत ओलांडणारा. दावा एका वर्षात आला आणि कळवला पुढच्या वर्षात, किंवा पॉलिसी बंद पडल्यावर. इथे कंपनी म्हणते, ‘हा विलंबाचा प्रश्नच नाही, हा दावा या पॉलिसीच्या कक्षेतच येत नाही.’ हा मुद्दा खोडणे अवघड असते. अमेरिकेतही अनेक राज्यांत जुन्या पद्धतीच्या, घटनेच्या तारखेवर चालणाऱ्या पॉलिसीत उशिरामुळे आपले नुकसान झाले हे कंपनीला दाखवावे लागते, पण क्लेम्स मेड पॉलिसीत ही सवलत सहसा मिळत नाही. इंटरनेटवर तिथले निकाल वाचून धीर धरणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा.

रुग्णालय बंद केले, डॉक्टर निवृत्त झाले किंवा पॉलिसी नूतनीकरणाविना संपली, तर अनेक पॉलिसींत मुदतीतल्या घटनांबद्दलचे दावे कळवायला ९० दिवसांपर्यंत जादा वेळ दिलेला असतो. मात्र त्या काळात त्याच जोखमीची दुसरी पॉलिसी घेतलेली नसावी. आणि कंपनी बदलताना जुनी रेट्रोअ‍ॅक्टिव्ह तारीख नव्या पॉलिसीवर छापून आणल्याशिवाय चेक देऊ नका. प्रीमियम दोन-चार हजारांनी कमी दिसतो तो कधीकधी याच तारखेमुळे.

‘घटना’ कशाला म्हणायचे

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जातो. ऑपरेशन टेबलावर मृत्यू, अनपेक्षित दुसरी शस्त्रक्रिया, चुकीचे रक्त, पोटात राहिलेला कापसाचा बोळा यांबद्दल कोणी शंका घेत नाही. अडचण लहान दिसणाऱ्या गोष्टींत आहे. वकिलाच्या सांगण्यावरून कागद मागणे ही घटनाच आहे. (आंतररुग्णाचे कागद मागितल्यापासून ७२ तासांत द्यावे लागतात, हा २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेतला नियम. कागद द्या, आणि त्याच दिवशी कंपनीला पत्रही लिहा.) पोलीस ठाण्यातून डॉक्टरांना बोलावणे, जिल्हा शल्यचिकित्सकांकडून चौकशीचे पत्र, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोटीस, वॉर्डातल्या गोंधळाचा फिरणारा व्हिडिओ, ‘बिल भरणार नाही, तुमच्यामुळेच झाले’ असे चारचौघांत बोललेले वाक्य: या सगळ्यांची नोंद व्हावी. ‘बिघडलेले सगळे रुग्ण’ अशी मोघम यादी पाठवून मात्र काही होत नाही. रुग्ण, तारीख आणि काय घडले, एवढे नेमके हवे.

कळवल्याने पुढच्या वर्षी प्रीमियम वाढेल का? वाढू शकतो, निदान प्रश्न तरी विचारले जातील. हे आम्ही लपवत नाही. पण न कळवता वाचवलेला प्रीमियम आणि जिल्हा ग्राहक आयोगातला एक दावा यांची तुलना करून बघा.

नोटीस हातात आल्यावर

तारीख लिहा. पाकीट जपून ठेवा. कोकणात नोटिशीचे पाकीट बहुधा रिसेप्शनवरची मुलगी सही करून घेते, डॉक्टर ओपीडीत असतात, आणि पाकीट औषध कंपन्यांच्या टपालात जाते. गणपती आणि शिमग्याच्या सुट्टीत तर विचारायलाच नको. आवक रजिस्टर ठेवा आणि वकील, आयोग, पोलीस यांच्याकडून आलेले काहीही त्याच दिवशी मुख्य डॉक्टरांपर्यंत जाईल असा नियम करा.

ग्राहक आयोगाच्या नोटिशीला घाई का, तेही समजून घ्या. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये व्ही. पी. शांता प्रकरणात ठरवले. २०१९ च्या कायद्यात लेखी कैफियत देण्यासाठी ३० दिवस मिळतात, आयोगाने वाढवले तर आणखी १५. त्यापुढे एक दिवसही नाही, हे घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी हिल्ली मल्टिपर्पज कोल्ड स्टोरेज प्रकरणात स्पष्ट केले. तुम्ही चाळिसाव्या दिवशी कागद पाठवलेत, तर कंपनीने वकील कधी नेमायचा आणि तज्ज्ञाचे मत कधी घ्यायचे? विलंबामुळे नुकसान झाले, असे कंपनीला खरोखर म्हणता येते ते इथेच. शिवाय याच कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, त्यामुळे लांज्याच्या रुग्णालयावरची तक्रार ठाण्याच्या आयोगातही चालू शकते. प्रवासाचा आणि वकील शोधण्याचा वेळ धरा.

कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक मान्य करू नका आणि पैसे देऊन मिटवू नका. छोट्या गावात हे कठीण जाते, कारण सरपंच किंवा पोलीस पाटील मध्ये पडतात आणि ‘दोन लाख द्या, विषय संपवा’ असा तोडगा निघतो. तोडगा चांगला असेलही, पण तसे दिलेले पैसे पॉलिसीतून परत मिळत नाहीत, आणि पुढे नोटीस आलीच तर कंपनीच्या हाती आयते कारण सापडते. नातेवाइकांशी सहानुभूतीने बोलायला कोणतीच पॉलिसी मनाई करत नाही. वकीलही कंपनीला विचारूनच नेमा, नाहीतर त्याची फी तुमच्या खिशातून जाते.

चिपळूणकरांना वेगळे सांगायला नको, पण २२ जुलै २०२१ च्या पुराने दाखवून दिले की तळमजल्यावरचे केसपेपर एका रात्रीत जाऊ शकतात. कळवण्याच्या पत्रासोबत केसपेपर, संमतिपत्र आणि डिस्चार्ज कार्डाच्या स्कॅन केलेल्या प्रती जोडा. कंपनीच्या ई-मेलमध्ये गेलेले कागद भिजत नाहीत. रेकॉर्ड भिजले असेल तर तेही पत्रात लिहा. ‘दुरुस्त’ केलेला नवा केसपेपर कधीही तयार करू नका.

क्लेम नाकारला तर

नकार लेखी आणि कारणासह मागून घ्या. नंतर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. रुग्णालय एकाच डॉक्टरच्या मालकीचे किंवा सूक्ष्म उद्योग असेल, तर विमा लोकपालाकडेही एका वर्षाच्या आत जाता येते आणि तिथे फी लागत नाही. मोठ्या रुग्णालयांना ग्राहक आयोगाचा रस्ता आहे. ‘तुम्ही व्यापारी आहात, ग्राहक नाही’ हा कंपन्यांचा जुना बचाव २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हर्सोलिया मोटर्स प्रकरणात फेटाळला आहे. विमा नुकसानभरपाईसाठी घेतात, नफ्यासाठी नाही, असे न्यायालयाने म्हटले.

आमच्याबद्दल एक गोष्ट

आम्हाला फोनवर सांगणे किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर नोटिशीचा फोटो पाठवणे म्हणजे कंपनीला कळवणे नव्हे. फोटो जरूर पाठवा, आम्ही पत्राचा मसुदा करून देतो आणि त्याचे वेगळे शुल्क घेत नाही. पण पत्र रुग्णालयाच्या लेटरहेडवर, अधिकृत सहीने, पॉलिसीवर छापलेल्या पत्त्यावर आणि ई-मेलवर गेले पाहिजे, आणि स्पीड पोस्टची पावती व कंपनीचा क्लेम इंटिमेशन नंबर पॉलिसीच्याच फाइलला लावलेला हवा.