वणव्यात घर जळाल्यानंतर: फेमाची मदत, राडारोडा आणि बांधकाम परवाना

जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील लॉस एंजेलिस काउंटीतील (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) पॅसिफिक पॅलिसेड्स आणि अल्टाडीना भागांत लागलेल्या दोन वणव्यांत मिळून १६,०००हून अधिक बांधकामे नष्ट झाली. अशा प्रसंगी घरमालकाला संघराज्याची आपत्ती-मदत यंत्रणा फेमा, स्थानिक काउंटी आणि स्वतःची विमा कंपनी अशा तीन दारांत उभे राहावे लागते. या तिघांची मुदत तीन वेगळ्या दिवसांपासून मोजली जाते आणि त्यांपैकी कोणीही दुसऱ्याच्या मुदतीची आठवण करून देत नाही.

फेमाचा अर्ज ऑनलाइन किंवा दूरध्वनीवरून करता येतो आणि त्यात फारसे अवघड काही नाही. मुदत मात्र साधारणपणे ६० दिवसांची असते आणि ती राष्ट्राध्यक्षांनी मोठी आपत्ती घोषित केल्यापासून मोजतात; घर कधी जळाले किंवा वस्तीत परतण्याची मुभा कधी मिळाली याच्याशी तिचा संबंध नसतो. लॉस एंजेलिसमध्ये ८ जानेवारीला घोषणा झाली, मुदत १० मार्चची ठरली आणि नंतर ती ३१ मार्चपर्यंत वाढली. अशी वाढ मिळेलच असे गृहीत धरू नये. विमा कंपनीचे पत्र येईपर्यंत अर्ज थांबवून ठेवणे ही सर्वांत महागात पडणारी सावधगिरी आहे. अर्ज आधी करावा, पत्र मागून जोडावे.

पात्रतेचा प्रश्न अमेरिकेतल्या आपल्या लोकांना विशेष अडवतो. रोख मदतीसाठी अर्जदार नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकासारखा पात्र रहिवासी असावा लागतो. एच-१बीसारख्या तात्पुरत्या कामाच्या किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना ती मिळत नाही. हे वाचून अनेक कुटुंबे अर्जच करत नाहीत. वास्तविक २०२५च्या या आपत्तीला लागू असलेल्या नियमांनुसार, त्याच घरात राहणाऱ्या आणि अमेरिकेचे नागरिक असलेल्या अल्पवयीन मुलाच्या नावे, त्याच्या सोशल सिक्युरिटी क्रमांकावर (सरकारी ओळख क्रमांकावर), आईवडिलांना अर्ज करता येत होता. भाडेकरूही सामानासाठी आणि तात्पुरत्या निवाऱ्यासाठी पात्र ठरू शकतो.

दुसरी अडचण नावाची. पासपोर्टवर वडिलांचे किंवा पतीचे नाव मधे असते, सोशल सिक्युरिटी कार्डावर ते गळालेले असते आणि खरेदीखतावर नुसते आद्याक्षर असते. फेमाची ओळख-पडताळणी प्रथम संगणकीय नोंदींवरून होते आणि संगणकाला ही तिन्ही माणसे वेगळी वाटतात. अर्जात सोशल सिक्युरिटी कार्डावरचेच नाव, अक्षर न् अक्षर जुळवून लिहावे. मालकीसाठी खरेदीखत, गृहकर्जाचे विवरण किंवा मालमत्ता कराचे बिल चालते, तर वास्तव्यासाठी विजेचे वा पाण्याचे बिल. कागद घराबरोबरच जळाले हे सांगूनही खिडकीवरून ‘मूळ प्रत आणा’ हे उत्तर मिळते, याला काय म्हणावे? खताची प्रमाणित प्रत काउंटीच्या नोंदणी कार्यालयातून मिळते. घर वारशाने आले असून कागदोपत्री नाव लागलेले नसेल, तर शेवटचा उपाय म्हणून फेमा स्वयंघोषणापत्र स्वीकारते.

यानंतर ‘अपात्र’ असे लिहिलेले पत्र येते. ते शेवटपर्यंत वाचावे. पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच असतो की विम्याच्या दाव्याचा निकाल किंवा एखादा पुरावा जोडलेला नाही. अपिलासाठी ६० दिवस मिळतात, पण ते पत्रावरील तारखेपासून. आणि टपालाचा पत्ता बदललेला नसेल तर ते पत्र जळालेल्या घराच्या पत्त्यावर रवाना होते. पहिल्याच दिवशी सध्याचा टपाल पत्ता नोंदवावा.

मदतीची अपेक्षा बेताची ठेवावी. १ ऑक्टोबर २०२४पासून सुरू झालेल्या आर्थिक वर्षात घोषित आपत्तींसाठी निवाऱ्याकरिता कमाल ४३,६०० डॉलर आणि इतर गरजांकरिता तेवढेच, अशी मर्यादा होती. विम्याने भरून दिलेल्या नुकसानीसाठी फेमा पुन्हा पैसे देत नाही. घर उभे राहते ते मुख्यतः विम्यावर किंवा कर्जावर.

राडारोडा हटवल्याशिवाय बांधकाम परवाना मिळत नाही. लॉस एंजेलिसमध्ये बॅटऱ्या, गॅसच्या टाक्या असा घातक कचरा पर्यावरण संरक्षण यंत्रणेने आधी उचलला. उरलेला राडारोडा लष्कराच्या अभियंता दलाकडून काढून घ्यायचा असल्यास काउंटीला जमिनीवर प्रवेशाची लेखी परवानगी द्यावी लागे. त्यावर भाडेकरूची सही चालत नसे आणि घर कौटुंबिक ट्रस्टच्या नावे असेल तर सही विश्वस्ताचीच लागे. हे काम मालकासाठी विनामूल्य असले, तरी विम्यात राडारोड्यासाठी वेगळी तरतूद असल्यास ती रक्कम काउंटीकडे वळती होत असे.

परवान्याबाबतचा गैरसमज याहून खर्चिक आहे. राज्यपालांच्या आदेशाने, जुन्या घराने जमिनीवर व्यापलेल्या क्षेत्रफळाच्या व उंचीच्या ११० टक्क्यांच्या आत बांधणाऱ्यांना पर्यावरणविषयक परवानग्यांतून सूट मिळाली. ‘जसे होते तसे’ बांधता येईल, असा तिचा अर्थ लावला गेला; बांधकाम संहितेतून मात्र ही सूट नाही. वणव्याच्या जोखीम क्षेत्रात छप्पर, झरोके आणि बाह्य भिंती आजच्या अग्निरोधक निकषांनुसारच कराव्या लागतात. हा वाढीव खर्च विम्यातून मिळतो की नाही, हे नव्या बांधकाम नियमांमुळे येणाऱ्या खर्चाच्या कलमावर अवलंबून असते. ते पॉलिसीत आहे का आणि किती रकमेचे आहे, हे वास्तुविशारद नेमण्यापूर्वी पाहावे. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने विमा कंपनीकडून पूर्ण पुनर्बांधणी खर्च वसूल करण्यासाठी किमान ३६ महिने मिळतात आणि ते आगीच्या दिवसापासून न मोजता तिने घसारा (वापराने घटलेली किंमत) वजा करून दिलेल्या पहिल्या रकमेपासून मोजतात.

रस्ते आणि जलवाहिन्यांसाठीचा संघराज्याचा निधी स्थानिक शासनाला मिळतो, किमान ७५ टक्के वाट्याने. त्यासाठी नागरिकाला अर्ज नाही. पाण्याच्या मीटरपासून घरापर्यंतची नळी मात्र मालकाची. २०१८च्या वणव्यानंतर पॅराडाइज गावच्या जलवाहिन्यांत बेंझीन हे कर्करोगकारक रसायन आढळले होते, म्हणून नव्या घराला जुनी नळी जोडण्यापूर्वी तिच्यातील पाण्याची चाचणी करून घ्यावी आणि अहवाल परवान्याच्या कागदांबरोबर ठेवावा.